जुनें पद आणि नवा कंठ



गायन ही अशी एक कला आहे कीं, तिच्याविषयीं मत देण्यास कोणालाहि परीक्षा द्यावी लागत नाहीं. गणिताचें उत्तर चुकलें तर मनुष्य मुकाट्यानें मान खालीं घालतो. पण गाणें ऐकून 'हें कांहीं खरें नव्हे' असें म्हणण्यास त्याला क्षणाचाहि विलंब लागत नाहीं. त्यांतून एखाद्या लोकप्रिय गायकानें थोरामोठ्यांचीं जुनीं गाणीं गाण्याचें मनांत आणलें, म्हणजे तर घरोघर दोन पक्ष पडतात. वडील मंडळी म्हणतात, "मूळ गाणें तुम्हीं ऐकलें असतें, तर हें तुमच्यानें ऐकवलें नसतें." मुलें म्हणतात, "हें ऐकलें नसतें, तर मूळ गाणें म्हणून कांहीं आहे हेंच आम्हांला कळलें नसतें." दोघांच्याहि बोलण्यांत तथ्य आहे. तें कोणाचें किती, आणि अशा गाण्याचा न्याय करावा तरी कसा, याचा थोडा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम दूरचें एक उदाहरण घेऊं. कारण परक्याच्या घरचें भांडण शांत मनानें पाहतां येतें. अमेरिकेंत जॅझ नांवाचें संगीत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं न्यू ऑर्लिन्स शहरांतील कृष्णवर्णीय वादकांनीं तें नांवारूपास आणलें. त्याचें मर्म असें कीं, सर्वांस ठाऊक असलेली एखादी चाल घ्यावी, ती एकदां सरळ वाजवावी, आणि मग तालाचें बंधन न सोडतां त्याच चालीच्या आधारानें जागच्या जागीं नवें रचीत जावें. आपल्याकडील बंदिश आणि तिचा विस्तार ज्यांनीं ऐकला आहे, त्यांना ही रीति अगदींच परकी वाटणार नाहीं. अशा विस्तारास योग्य म्हणून गायक-वादकांच्या तोंडीं बसलेलीं जीं शेंकडों गाणीं आहेत, त्यांना तिकडे 'स्टँडर्ड' म्हणतात. आपण त्यांना रूढ पदें म्हणूं.

यांतील मौजेची गोष्ट अशी कीं, या रूढ पदांपैकीं पुष्कळशीं मुळांत जॅझसाठीं रचलेलींच नव्हतीं. तीं न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांतील होतीं. जेरोम कर्न या संगीतकाराचें 'व्हेरी वॉर्म फॉर मे' हें नाटक १९३९ सालीं रंगभूमीवर आलें आणि अवघ्या ५९ प्रयोगांनंतर बंद पडलें. परंतु त्यांतील 'ऑल द थिंग्ज यू आर' हें गाणें जॅझवादकांनीं उचललें, आणि आज जॅझ शिकणारा विद्यार्थी कोणत्याहि देशांतला असो, तें गाणें त्याच्या वाटेंत आल्यावांचून राहत नाहीं. नाटक गेलें, पद राहिलें. आणि तें राहिलें तें केवळ दुसऱ्यांनीं तें आपापल्या परीनें गाइलें-वाजविलें म्हणून.

पुढें लिंडा रॉन्स्टॅट नांवाची एक गायिका झाली. रॉक पद्धतीच्या गाण्यांनीं ती तरुण वर्गांत अतिशय लोकप्रिय होती. तिनें १९८३ सालीं अशीं जुनीं रूढ पदें निवडून 'व्हॉट्स न्यू' नांवाची ध्वनिमुद्रिका काढली. वाद्यवृंदाची रचना नेल्सन रिडल या ज्येष्ठ संगीतरचनाकारानें केली; पूर्वीं फ्रँक सिनात्रा याच्या गाण्यांचीहि रचना त्यानेंच केली होती. तिच्या व्यवसायांतील लोकांस भीति वाटली कीं, हिचा तरुण श्रोता हिला सोडून जाईल आणि वृद्ध श्रोता हिला जवळ करणार नाहीं. झालें उलटेंच. एकट्या अमेरिकेंत त्या ध्वनिमुद्रिकेच्या तीस लाखांहून अधिक प्रति खपल्या. जाणत्यांपैकीं कांहींनीं आक्षेप घेतला तो असा कीं, आवाज भरदार आहे, पण जुन्या गायकांच्या बोलण्यांतील लपलेली छटा त्यांत नाहीं. आक्षेप खोटा होता असें मी म्हणत नाहीं. परंतु ज्या घरांत तीं पदें विसरलीं गेलीं होतीं, तेथें तीं पुनः ऐकूं येऊं लागलीं, हेंहि तितकेंच खरें आहे. पुढें २०१४ सालीं लेडी गागा या तरुण गायिकेनें ८८ वर्षांच्या टोनी बेनेट यांच्याबरोबर 'चीक टू चीक' ही ध्वनिमुद्रिका केली, तेव्हांहि हाच वाद नव्यानें झाला. त्यांत एक विशेष होता. नातीनें आजोबांचें गाणें चोरून नेलें असें कोणास म्हणतां येईना, कारण आजोबा स्वतःच तिच्या शेजारीं उभे राहून गात होते.

हें संगीत आपल्यापासून फार दूर आहे, असेंहि समजूं नये. १९३० नंतरच्या दशकांत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत अमेरिकन कृष्णवर्णीय वादकांचे ताफे येऊन वाजवीत असत. तें ऐकून गोमंतकांतील वादक जॅझ वाजवूं लागले. चर्चच्या शाळांतून लहानपणींच स्वरलिपि वाचावयास शिकलेले असल्यामुळें त्यांना तें साधलें. 'चिक चॉकलेट' या नांवानें प्रसिद्धीस आलेले हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतलेच. पुणतांब्यास जन्मलेले आपले संगीतकार सी. रामचंद्र यांनीं १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटाच्या संगीतांत या वादकांचें साहाय्य घेतलें. म्हणजे आपल्या आजीनें ज्या गाण्यावर ताल धरला, त्यांतहि जॅझचा अंश होता. तिला त्याचें नांव तेवढें ठाऊक नव्हतें.

आतां आपल्या घरीं येऊं. आपल्याकडे 'रूढ पदें' कोणतीं असा प्रश्न केला, तर माझें उत्तर असें कीं, नाट्यपदें. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं 'शाकुंतल' आणि १८८२ सालीं 'सौभद्र' रंगभूमीवर आणलें, तेथपासून मराठी प्रेक्षकांना नाटकांतून गाण्याची गोडी लागली. १९११ सालीं खाडिलकरांचें 'मानापमान' आलें. गोविंदराव टेंब्यांनीं त्याला चाली दिल्या आणि दिवाणखान्यांत कोंडलेलें रागसंगीत थिएटरच्या शेवटच्या बांकावर बसलेल्या माणसाच्या कानांपर्यंत पोहोंचलें. हीं नाटकें आतां क्वचितच होतात. 'मानापमाना'ची कथा सांगा म्हटलें, तर आज दहांतल्या नऊ जणांना सांगतां येणार नाहीं. पण त्यांतील एखादें पद कानांवर पडलें तर त्या नऊ जणांपैकीं निदान चौघे मान डोलावतील. न्यूयॉर्कास जें झालें तेंच येथें झालें. नाटक गेलें, पद राहिलें.

या पदांना थोर करणाऱ्यांत मास्तर दीनानाथ मंगेशकर यांचें नांव अग्रभागीं आहे. त्यांचा जन्म १९०० सालीं गोमंतकांत मंगेशी येथें झाला. १९१८ सालीं बळवंत संगीत मंडळीच्या स्थापनेंत त्यांचा वांटा होता. त्यांची तान विजेसारखी चपळ असे, आणि पंजाबी ढंगाच्या हरकती ते अशा सहजपणें घेत कीं, श्रोता चकित होई. 'मानापमाना'तील धैर्यधराचीं पदें त्यांच्यापूर्वींहि मोठमोठ्या नटांनीं गाइलेलीं होतीं. केशवराव भोसले यांचा धैर्यधर तर महाराष्ट्रानें डोक्यावर घेतला होता. तरीहि दीनानाथांनीं तीं पदें आपल्या निराळ्या रीतीनें गाइलीं. आज आपण जिला 'मूळ' म्हणून कवटाळून बसतों, ती गायकीहि एके काळीं नवीच होती, ही गोष्ट वडील मंडळींनीं अवश्य ध्यानांत घ्यावी.

आमच्या वऱ्हाडाचाहि या कथेशीं संबंध आहे. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचें 'रणदुंदुभि' हें नाटक १९२७ सालीं बळवंत मंडळीनें केलें. त्यांतील 'परवशता पाश दैवे' हें पद दीनानाथांच्या मुखांतून ऐकतांना पारतंत्र्यांत असलेल्या प्रेक्षकांच्या अंगावर कांटा उभा राही.

दीनानाथ १९४२ सालच्या एप्रिल महिन्यांत पुण्यास वारले. त्या वेळीं त्यांची कन्या आशा आठ वर्षांची होती. तिला पित्याकडून पद्धतशीर शिक्षण घेण्यास काळच मिळाला नाहीं. जें मिळालें तें घरांत वावरतांना कानीं पडलेलें. दुसऱ्याच वर्षीं 'माझं बाळ' या चित्रपटांत तिचा आवाज ध्वनिमुद्रित झाला, आणि पुढें आशा भोसले या नांवानें तिनें चित्रपटसृष्टींत जें मिळविलें तें सर्वश्रुत आहे. लोकांच्या मनांत मात्र त्यांची प्रतिमा विशेषेंकरून ठसली ती गिटार, ट्रंपेट आणि नृत्याच्या ठेक्यावरील गाण्यांनीं. अशा गायिकेनें जेव्हां पित्याचीं पदें, त्यांत 'शूरा मी वंदिले' आणि 'परवशता पाश दैवे' हीं देखील, ध्वनिमुद्रित केलीं, तेव्हां आपल्याकडील रूढ पदें आणि लोकप्रिय कंठ यांची भेट झाली. आजहि कोणत्याहि बैठकींत ही गोष्ट काढून पाहा. तीन आक्षेप हटकून ऐकूं येतात. त्यांचा एकेक करून विचार करूं.

पहिला आक्षेप असा कीं, हीं वीररसाचीं पुरुषी पदें. तीं स्त्रीच्या कोमल कंठास शोभत नाहींत. यास उत्तर आपल्या रंगभूमीनेंच देऊन ठेवलें आहे. बालगंधर्वांनीं भामिनीचीं पदें गाइलीं आणि स्त्रियांनीं तीं ऐकून आपल्या गळ्यांत उतरवून घेतलीं. पुरुषाच्या कंठांतील स्त्रीचें पद जर आपण गौरवानें ऐकतों, तर स्त्रीच्या कंठांतील पुरुषाचें पद ऐकतांना कपाळास आठी कां पडावी? वीरश्री आवाजाच्या जाडीवर अवलंबून नसते. ती शब्द कसा टाकला आणि समेवर किती निश्चयानें आलें यावर अवलंबून असते.

दुसरा आक्षेप, पद फार आंखूड केलें असा. रंगभूमीवर 'वन्स मोअर'च्या गजरांत एकेक पद बराच वेळ रंगे. येथें तें चार-पांच मिनिटांत संपतें. आक्षेप बरोबर आहे, परंतु तो एकट्या नव्या गायिकेवर करणें न्यायाचें नव्हे. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक गाणें मावतच नसे. दीनानाथांच्या आणि बालगंधर्वांच्या ज्या तबकड्या आपण मूळ म्हणून ऐकतों, त्याहि याच कात्रींतून गेलेल्या आहेत.

तिसरा आक्षेप वाद्यांचा. नव्या ध्वनिमुद्रणांत निरनिराळीं वाद्यें मिसळतात. जुन्या ऑर्गनची आणि सारंगीची सर त्यांना नाहीं, असें म्हणतात. परंतु हा ऑर्गन तरी कोठून आला? पायांनीं भाता चालवावयाचें हें वाद्य युरोपांतून आलें. ख्रिस्ती उपासनामंदिरांत भजनाच्या साथीला तें वाजत असे, आणि त्याच्याच जातीचें वाद्य पुढें गंधर्व रंगभूमीचें भूषण झालें. तेव्हां वाद्य परकें आहे एवढ्यानें तें त्याज्य ठरत नाहीं. तें गाण्यास आधार देतें कीं गाण्यास झांकून टाकतें, एवढेंच पाहावें.

मात्र आक्षेपांना उत्तर देतां आलें, म्हणजे गुणदोष संपले असें नव्हे. आशाबाईंचा शब्दोच्चार स्पष्ट व रेखीव आहे, चालीचा पल्ला त्यांनीं लीलेनें पेलला आहे, आणि पित्याच्या हरकतींची ओळख त्यांच्या कंठास आहे. दीनानाथांच्या गाण्यांतील तो बेडरपणा, कीं आतां हा गायक तानेच्या कोणत्या कड्यावरून उडी घेईल हें सांगतां येऊं नये, तो मात्र योजून, मोजून केलेल्या ध्वनिमुद्रणांत तितक्या प्रमाणांत येत नाहीं. माझें मत असें आहे. तें सर्वांस पटेल असा माझा आग्रह नाहीं. परंतु तें मीं दोन्ही गाणीं ऐकून बनविलें आहे, आणि तितकी अपेक्षा मी प्रत्येक श्रोत्याकडून करतों. याच गायिकेनें पुढें उस्ताद अली अकबर खाँ यांच्याबरोबर जुन्या पारंपरिक बंदिशींची 'लेगसी' नांवाची ध्वनिमुद्रिका केली, आणि १९९७ सालीं अमेरिकेंतील ग्रॅमी पारितोषिकासाठीं तिचें नामांकन झालें. चित्रपटाचें गाणें गाणारा कंठ उथळच असला पाहिजे, या समजुतीस यापरतें दुसरें उत्तर कोणतें हवें?

हा सर्व खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें कारण सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शाळेच्या संमेलनांत एका मुलीनें एक नाट्यपद म्हटलें. तिनें तें मोबाइलवर ऐकून बसविलें होतें आणि साथीला तिचा भाऊ कीबोर्ड वाजवीत होता. मागच्या बांकांवरून मुलें हंसलीं, कारण पद जुनें होतें. पुढच्या खुर्च्यांवरून कांहीं वडीलधारी मंडळी हंसली, कारण साथ नवी होती. ती मुलगी पद पुरें करून खालीं आली. पण त्यानंतर शाळा सोडीपर्यंत तिनें पुनः व्यासपीठावर गाइलें नाहीं. दोन्हीकडच्या हंसणाऱ्यांचा मनांतील हेतु वाईट नव्हता. परंतु त्या दोन हंसण्यांच्या मध्यें सांपडून एक पद गाणारा एक कंठ बंद झाला. पदें मरतात तीं अशीं. तीं कोणी वाईट गाइल्यानें मरत नाहींत. कोणी गाइनासें झाल्यानें मरतात.

याउलट उदाहरणहि आपल्या शेजारचेंच आहे. कारंज्याहून मूर्तिजापुरास पूर्वीं शकुंतला नांवाची छोटी आगगाडी जात असे. त्या मूर्तिजापुरांत १९२० सालीं वसंतराव देशपांडे यांचा जन्म झाला. दीनानाथांच्या गायकीचा त्यांच्यावर फार प्रभाव होता. परंतु त्यांनीं तिची नक्कल केली नाहीं, ती आपल्या गळ्यांत मुरवून घेतली. १९६७ सालीं पुरुषोत्तम दारव्हेकर यांचें 'कट्यार काळजात घुसली' हें नाटक रंगभूमीवर आलें, पंडित जितेंद्र अभिषेकी यांनीं त्याला संगीत दिलें, आणि वसंतरावांनीं त्यांत खाँसाहेबांची भूमिका अजरामर केली. आपल्या विषयाच्या दृष्टीनें या नाटकांतली एक गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे. त्यांत 'घेई छंद मकरंद' हें एकच पद दोन निरनिराळ्या गायकींत येतें, एकदां पंडितजींच्या आणि एकदां खाँसाहेबांच्या. शब्द तेच, पण पद निराळें. त्यांतलें खरें कोणतें, असा प्रश्न तेथें कोणी विचारीत नाहीं, कारण दोन्ही खरीं आहेत.

याच नाटकावरून २०१५ सालीं चित्रपट निघाला. त्यांत पंडितजींची भूमिका केली आणि पदें गाइलीं तीं शंकर महादेवन यांनीं. हे गायक देशभर ठाऊक झाले होते ते १९९८ सालच्या 'ब्रेथलेस' या पॉप गाण्यानें. खाँसाहेबांसाठीं वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनीं कंठ दिला, आणि महेश काळे यांना त्याच चित्रपटांतील गायनाबद्दल राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. ज्यांनीं वसंतरावांना प्रत्यक्ष ऐकलें होतें, त्यांपैकीं कित्येकांचें समाधान झालें नाहीं, आणि तें स्वाभाविक होतें. पण चित्रपटगृहाबाहेर पडलेल्या पुष्कळ मुलांनीं 'नाट्यसंगीत' हा शब्द प्रथमच आपण होऊन उच्चारला, आणि कित्येकांनीं घरीं जाऊन वसंतरावांचें जुनें ध्वनिमुद्रण शोधून काढलें. नव्या कंठाचें याहून मोठें काम कोणतें असूं शकतें?

तेव्हां, मुलांनो, जुनें पद नव्या कंठांतून ऐकाल तेव्हां मत देण्यापूर्वीं चार प्रश्न स्वतःस विचारा. पहिला: शब्द कळले काय, आणि गाणाऱ्यास ते कळले आहेत असें वाटलें काय? दुसरा: पद कोणत्या प्रसंगाचें आहे, आणि तो प्रसंग स्वरांत उतरला काय? तिसरा: लय सुटली कीं सांभाळली, श्वास योग्य जागीं घेतला कीं शब्द तोडून घेतला? चौथा: गाणाऱ्यानें जुन्याची केवळ नक्कल केली, कीं त्यांत प्रामाणिकपणें स्वतःचें कांहीं घातलें? या चारांचीं उत्तरें मिळाल्यावर पद आवडलें नाहीं असें खुशाल म्हणा. तें मत मग मत ठरेल, नुसता अभिप्राय राहणार नाहीं.

आणि पालकहो, आपणांस एक विनंति. सुटीच्या एखाद्या संध्याकाळीं एकच पद निवडावें. तें प्रथम जुन्या तबकडीवरील आवाजांत ऐकावें, मग मधल्या पिढीच्या, आणि शेवटीं अगदीं नव्या. आतां तीं सर्व मोबाइलवर मिळतात. पूर्वींसारखी तबकड्यांची पेटी धुंडाळावी लागत नाहीं. प्रत्येक वेळीं मुलानें आणि आपण कागदावर दोन ओळी लिहाव्या, आणि मग त्या एकमेकांस वाचून दाखवाव्या. आपण तरुणपणीं कोणाचें गाणें ऐकून वेडे झालों होतों, आणि तेव्हां आपल्या वडिलांनीं काय म्हटलें होतें, तेंहि मुलांना सांगावें. बहुधा त्यांनींहि 'हें कांहीं खरें नव्हे' असेंच म्हटलें असेल.

जुनें पद म्हणजे कपाटांत ठेवून कुलूप लावावयाचा दागिना नव्हे. तें विहिरीचें पाणी आहे. उपसा थांबला कीं तें शेवाळतें. उपसणाऱ्याची दोरी सुताची आहे कीं काथ्याची, यावर वाद अवश्य घालावा, पण घागर खालीं सोडणाऱ्याचा हात मात्र धरूं नये.